एकाहत्तर सेकंदांचा हेलकावा

१० ऑगस्ट १९९६, शनिवार. अमेरिकेचा पश्चिम भाग. सर्व वेळा तिथल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे.

२ जुलै, म्हणजे ३९ दिवस आधी

वायोमिंगमधल्या जिम ब्रिजर वीजकेंद्रातून आयडाहोकडे जाणारी ३४५ किलोव्होल्टची लाइन दुपारी झाडाजवळ झुकली आणि ठिणगी पडली. ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. शेजारची लाइन निर्दोष होती, पण बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या रिलेनं चुकीचा निर्णय घेतला आणि तीही गेली. मिनिटभराच्या आत पश्चिमेचं ग्रिड फुटायला लागलं होतं. पाच तुकडे झाले. सुमारे २० लाख ग्राहकांची वीज गेली.

३ जुलैला तीच लाइन पुन्हा ट्रिप झाली. या वेळी ऑपरेटरांनी बॉइझी शहराचा काही भार हातानं तोडला, म्हणून बाकीचं वाचलं.

२ ऑगस्ट

या घटनांवरचा ऊर्जा विभागाचा अहवाल राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याकडे गेला. पुढच्या घटनेला आठ दिवस होते.

१० ऑगस्ट, सकाळ

उकाडा. पश्चिमेच्या बऱ्याच भागात पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास जाणार होता. दक्षिणेत, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात, घरोघरी एअर कंडिशनर सुरू होते. उत्तरेत कोलंबिया नदीला आणि कॅनडातल्या धरणांना त्या वर्षी पाणी भरपूर होतं. उत्तरेची जलविद्युत स्वस्त, दक्षिणेची मागणी मोठी. वीज उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाली.

ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरून जाणाऱ्या ५०० किलोव्होल्टच्या तीन लाइन मिळून ४,३०० मेगावॉटच्या वर नेत होत्या. त्यांची मान्य मर्यादा ४,८०० होती. शिवाय ओरेगॉनमधल्या सेलिलोहून थेट लॉस एंजेलिसजवळच्या सिल्मारपर्यंत जाणाऱ्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) लाइनवर आणखी २,८०० मेगावॉट. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत. नियम कुठेही मोडलेला नव्हता.

द डॅलस धरणावरची बरीचशी जनित्रं मात्र बंद होती. सामन माशांची पिल्लं समुद्राकडे निघाली होती आणि ती टर्बाइनमध्ये सापडू नयेत म्हणून पाणी सांडव्यावरून सोडलं जात होतं. माशांच्या दृष्टीनं निर्णय योग्यच होता. त्याचा एक परिणाम असा, की उत्तरेच्या टोकाला व्होल्टेज सावरून धरणारी यंत्रं कमी पडली.

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगणं भाग आहे. अशा ग्रिडमधलं प्रत्येक मोठं जनित्र म्हणजे शेकडो टनांचा फिरता लोखंडी गोळा. सगळी जनित्रं एकाच लयीत फिरतात, अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनांच्या हिशेबानं. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा लोखंडी दांडा कुठेच नसतो, असतात त्या फक्त तारा. एक जनित्र किंचित पुढे गेलं, की तारांतून जास्त वीज वाहते आणि ते मागे खेचलं जातं. मागे पडलं, की पुढे ओढलं जातं. एका आडव्या दोरखंडाला टांगलेल्या झोपाळ्यांसारखं हे आहे: एकाला धक्का द्या, थोड्या वेळानं दुसरा हलायला लागतो. कॅनडा आणि वॉशिंग्टनची जनित्रं एका बाजूला, दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाची दुसऱ्या बाजूला, अशी दोन टोळकी एकमेकांविरुद्ध झुलतात. दर झोक्याला सुमारे चार सेकंद.

हा झोका कायमच असतो. तो किती लवकर विरतो, हाच प्रश्न. पाठ्यपुस्तकात याला अवमंदन म्हणतात, कंट्रोल रूममध्ये डॅम्पिंग.

सकाळी १०:५२:१९

वॉशिंग्टन राज्यातल्या चीफ जोसेफ धरणावर १,४०० मेगावॉटचा एक प्रचंड रोधक (रेझिस्टर) बसवलेला आहे. जनित्रं बेफाम पळू लागली, तर अर्ध्या सेकंदापुरता तो जोडायचा. त्याला ब्रेक म्हणतात. त्या सकाळी तो एकदा जोडला गेला आणि अख्ख्या पश्चिमेला एक ठोका बसला.

ग्रिड थरथरलं. झोके टिपणाऱ्या रेकॉर्डरनं नोंद केली: दोलनाची वारंवारता ०.२८५ हर्ट्झ, डॅम्पिंग ८.४ टक्के. साध्या हिशेबात, प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या साधारण ६० टक्के. पाच-सहा झोक्यांत सगळं शांत.

तब्येत ठणठणीत.

दुपारी दोन वाजून काही मिनिटं

कोलंबिया नदीकडून पोर्टलंडच्या बाजूला जाणारी बिग एडी–ऑस्ट्रँडर ही ५०० किलोव्होल्टची लाइन ट्रिप झाली. कारण झाड.

तार तापली की लांबते, लांबली की तिचा झोळ वाढतो. वारा पडलेला असेल, तर ती थंडही होत नाही. एवढ्या व्होल्टेजला तारेनं फांदीला टेकण्याची गरज नसते. अंतर पुरेसं कमी झालं, की मधली हवाच वाहक होते. वर्ष-दोन वर्षं छाटणी पुढे ढकलली गेली, तर झाड खालून येतं आणि तार वरून.

लाइनवर भार फारसा नव्हता. ती बंदच ठेवली गेली.

दुपारी २:५२:३७

दुसरी लाइन, जॉन डे–मॅरियन. पुन्हा झाड. मॅरियन उपकेंद्रातला एक ब्रेकर, म्हणजे लाइन जोडणारी-तोडणारी कळ, कामासाठी बाहेर काढलेला होता, त्यामुळे पुढची मॅरियन–लेन लाइनही सोबत गेली.

या लाइन बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्र सरकारी संस्थेच्या होत्या. तिच्या डिस्पॅचरांच्या मते या लाइन जाण्यात विशेष काही नव्हतं. शेजारच्या कंपन्यांना त्यांनी तसं आवर्जून कळवलं नाही. कॅलिफोर्नियातले ऑपरेटर उत्तरेकडून येणारी वीज घेत राहिले.

रेकॉर्डरची नोंद: ०.२६४ हर्ट्झ, डॅम्पिंग ३.७ टक्के.

सकाळच्या निम्म्याहूनही कमी. आता प्रत्येक झोका आधीच्या ८० टक्के उरत होता. आणि झोका मंदावलाही होता. तारा कमी झाल्या, की बंध सैल होतो, आणि सैल बंधावरचा झोका सावकाश जातो. वारंवारता उतरणं हे कमजोरीचं लक्षण. पण हे आकडे नंतर, रेकॉर्डरच्या फिती बारकाईनं तपासल्यावर निघाले. त्या दुपारी कंट्रोल रूमच्या पडद्यावर मेगावॉट होते, किलोव्होल्ट होते, ब्रेकर उघडा की बंद हे होतं. डॅम्पिंग नावाचा रकाना नव्हता.

दुपारी ३:१८

एक लहानशी थरथर. ०.२७६ हर्ट्झ. आली, गेली.

दुपारी ३:४२

पोर्टलंडच्या पश्चिमेला, हिल्सबरोजवळ, कीलर–ॲलस्टन लाइन झाडाजवळ झुकली. तिच्यावर सुमारे १,३०० मेगावॉट होते. कीलर उपकेंद्रात चालू असलेल्या कामामुळे जोडणी अशी होती, की पर्ल–कीलर लाइनही तिच्यासोबत बाहेर गेली.

१,३०० मेगावॉट कुठेतरी जायलाच हवेत. ते शेजारच्या २३० आणि ११५ किलोव्होल्टच्या लहान लाइनांवर आले. काहींवर क्षमतेहून जास्त. काही वीज पूर्वेकडून लांबचा वळसा घालून निघाली. रस्ता लांबला, की उत्तरेची आणि दक्षिणेची जनित्रं एकमेकांपासून आणखी दूर जातात. नकाशावर नव्हे, विद्युत अर्थानं. व्होल्टेज उतरलं. मॅकनरी धरणावरची १३ जनित्रं ते सावरण्यासाठी पूर्ण जोर लावू लागली.

रेकॉर्डर: ०.२६४ हर्ट्झ, ३.४६ टक्के.

पुढची पाच मिनिटं या सगळ्या घटनेतली सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि त्यांत वरवर काहीच घडलं नाही. कीलर–ॲलस्टन गेल्यावर ग्रिड अशा स्थितीत होतं, की आणखी एक लाइन गेली तर ते टिकणार नव्हतं. ऑपरेटरांना ते माहीत नव्हतं. या स्थितीचा अभ्यास आधी झालेलाच नव्हता. एवढ्या लाइन एकाच वेळी बाहेर असतील, असं कुणी धरलं नव्हतं. दक्षिणेकडचा पुरवठा कमी करणं हा उपाय होता. फोन लागले असते, दोन्हीकडची जनित्रं खालीवर केली असती, काही शे मेगावॉट उतरले असते. पाच मिनिटांत सगळं बसलं असतं असं म्हणता येत नाही. पण सुरुवातही झाली नाही.

पुरवठा ४,३०० च्या वरच राहिला.

दुपारी ३:४५

पुन्हा थरथर. आता ०.२५२ हर्ट्झ. सकाळी १०:५२ ला एका झोक्याला साडेतीन सेकंद लागत होते. आता चार.

दुपारी ३:४७

जादा भार घेतलेल्या लहान लाइनांपैकी ११५ किलोव्होल्टची मर्विन–सेंट जॉन्स लाइन रिलेच्या बिघाडानं गेली.

दुपारी ३:४७:३६

तिच्याजवळची २३० किलोव्होल्टची रॉस–लेक्सिंग्टन लाइन झाडाला ठिणगी लागून ट्रिप झाली. सोबत लुइस नदीवरच्या स्विफ्ट धरणाची वीजनिर्मिती गेली. दोन तासांतली झाडामुळे गेलेली ही चौथी लाइन.

दुपारी ३:४७:४०

मॅकनरीची जनित्रं एकामागून एक बाहेर पडू लागली. ती बिघडलेली नव्हती. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राला प्रवाह पुरवणाऱ्या एक्सायटरवर एक संरक्षक रिले होता. जनित्र व्होल्टेजसाठी सर्वाधिक जोर लावत होतं, नेमक्या त्याच वेळी रिलेला वाटलं की काहीतरी चुकतंय. त्यानं जनित्र बंद केलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

रेकॉर्डर: ०.२३८ हर्ट्झ, डॅम्पिंग उणे ३.१ टक्के.

उणे. दिवसात पहिल्यांदाच. आता झोका विरत नव्हता. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी मोठा होत होता. बाहेरून कुणीही धक्का देत नव्हतं. जनित्रांचे नियंत्रक प्रत्येक झोक्याला प्रतिसाद देत होते, पण तो किंचित उशिरा पोहोचत होता, आणि उशिरा दिलेला हात झोपाळा थांबवत नाही, आणखी वर नेतो.

दुपारी ३:४८:००

पहिले काही झोके आलेखावर जेमतेम दिसतात. ओरेगॉनच्या दक्षिण टोकाला असलेल्या मॅलिन उपकेंद्रात वीजप्रवाह दर चार-सव्वाचार सेकंदांनी वरखाली होत होता. उत्तरेची जनित्रं पुढे, दक्षिणेची मागे. मग उलट. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत हजारो टन लोखंड एकाच तालावर डुलत होतं.

मॅकनरीतलं एकेक जनित्र या दरम्यान बाहेर पडतच होतं. दर वेळी व्होल्टेज थोडं खाली, बंध थोडा सैल, झोका थोडा सावकाश आणि बराच मोठा.

दुपारी ३:४८:५०

०.२१६ हर्ट्झ. डॅम्पिंग उणे ६.३ टक्के. झोका आता दर फेरीला दीडपट होत होता. मॅलिनला वीज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १,००० मेगावॉटनी हेलकावत होती, व्होल्टेज ६० किलोव्होल्टनी.

३:४७:४० पासून एकूण सोळा-सतरा झोके झाले होते.

दुपारी ३:४८:५१

झोक्याच्या तळाशी व्होल्टेज इतकं उतरलं आणि प्रवाह इतका वाढला, की मॅलिनच्या रिलेंना लाइनवर शॉर्टसर्किट झाल्यासारखं दिसलं. तसं काही नव्हतं. पण रिले फक्त दोन आकडे पाहतो. ब्रेकर उघडले. काही क्षणांत ओरेगॉन–कॅलिफोर्निया सीमेवरच्या तिन्ही लाइन तुटल्या.

४,००० हून अधिक मेगावॉट वीज उत्तरेत अडकली. तिनं पूर्वेचा रस्ता धरला: आयडाहो, युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना. तिथल्या लाइन तेवढ्या जाडीच्या नव्हत्या. त्याही तुटत गेल्या.

पुढची काही मिनिटं

पश्चिमेच्या ग्रिडचे चार तुकडे झाले. उत्तरेत वीज जास्त, वारंवारता ६० च्या वर. दक्षिणेत वीज कमी, वारंवारता ५९ च्याही खाली. आपोआप भार तोडणारे रिले कामाला लागले आणि शहरामागून शहर बंद झालं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या डायब्लो कॅन्यन अणुकेंद्राचे दोन्ही संच बंद पडले. अणुभट्टी बटण दाबून परत सुरू होत नाही.

रात्र

सुमारे ७५ लाख ग्राहक. २८ हजार मेगावॉटहून अधिक भार. काहींची वीज काही मिनिटांत आली, काहींची नऊ तासांनी. दुपारी चार ते रात्री एक, ऑगस्टच्या उकाड्यात.

नंतरचे महिने

चौकशीत जे निघालं, त्यातलं बरंचसं नवं नव्हतं. लाइनखालची झाडं वेळेवर छाटली नव्हती. लाइन गेल्याचं शेजाऱ्यांना सांगितलं नव्हतं. ज्या स्थितीचा अभ्यास झालेला नाही, त्या स्थितीत ग्रिड चालवलं गेलं. मॅकनरीचे रिले चुकीचे वागले.

एक गोष्ट मात्र नवी होती, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. अभियंत्यांनी त्या दिवसाची सगळी आकडेवारी नेहमीच्या संगणकीय मॉडेलमध्ये घातली. पश्चिमेतल्या सगळ्या कंपन्या याच मॉडेलवर विसंबून किती वीज सुरक्षितपणे पाठवता येईल ते ठरवत असत. त्याच लाइन तोडल्या, त्याच क्षणांना, त्याच क्रमानं.

मॉडेलमध्ये झोका आला, दोन-चार वेळा डुलला आणि शांत झाला. ग्रिड तुटलंच नाही.

झाड छाटलं नाही, हा हलगर्जीपणा. फोन केला नाही, हाही हलगर्जीपणा. पण मॉडेलवर विश्वास ठेवणारे लोक हलगर्जी नव्हते. ते काळजीपूर्वक काम करत होते आणि त्यांचं साधन त्यांना खोटं सांगत होतं. बॉनव्हिलच्या कोस्टेरेव, टेलर आणि मिटलस्टाट या अभियंत्यांनी चूक कुठे आहे ते शोधलं आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. डीसी लाइनच्या नियंत्रकाचं वर्णन अपुरं होतं. मॉडेलमधली औष्णिक केंद्रं वारंवारता घसरताच वेग सावरायला धावत होती. प्रत्यक्षात त्यांतली अनेक जागची हलत नव्हती. ग्राहकांचा भार व्होल्टेजनुसार कसा बदलतो, तेही वास्तवापेक्षा सौम्य धरलं होतं. सगळ्या चुका एकाच दिशेच्या: मॉडेलमधलं ग्रिड खऱ्यापेक्षा निरोगी होतं.

यानंतर पश्चिमेतल्या जनित्रांची जागेवर जाऊन चाचणी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कागदावर लिहिलेलं जनित्र आणि वीजकेंद्रात उभं असलेलं जनित्र एकच आहे का, ते तपासायचं. बॉनव्हिलच्या रेकॉर्डरांवरून ती दुपार झोक्यागणिक वाचता आली, म्हणून असे रेकॉर्डर पुढे सगळीकडे बसवले गेले.

३१ डिसेंबर २०१३, भारत

असाच दोरखंड आपल्याकडेही बांधला गेला. रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एक झालं. तोपर्यंत कोयनेची आणि केरळातल्या इडुक्कीची जनित्रं वेगवेगळ्या लयीत फिरत होती. त्या दिवसापासून ती एकाच दोरखंडावर आहेत. त्याच्या दीड वर्ष आधी, ३० जुलै २०१२ च्या रात्री २:३३ वाजता, बीना–ग्वाल्हेर ही एक लाइन गेली आणि उत्तर भारत अंधारात गेला. पश्चिम भारताचं ग्रिड, म्हणजे महाराष्ट्रही, त्या रात्री वाचलं.

पावसाळ्याआधी लाइनखालच्या फांद्या तोडण्यासाठी वीज दोन तास बंद राहील, असा मेसेज मे महिन्यात आपल्या फोनवर येतो. वैतागून कुणाला फोन लावायचाच असेल, तर एवढंच विचारा, की तोडायच्या म्हणून ठरलेल्या सगळ्या फांद्या खरंच तोडल्या का.